उंच डोंगरात, बर्फाच्या कडेला सॅलमँडर कसा शोधायचा?

गारवा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बेडूक, सरडे, पाली बघत फिरण्यात बरीच वर्षं गेली, पण सॅलमँडर (दिसायला सरड्यासारखा, पण बेडकासारखा उभयचर) अजून एकदाही त्याच्या जागेवर पाहिलेला नाही. येत्या जुलैत कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगररांगेत आठवडाभर जाणं ठरलंय. मुक्काम साधारण ३००० मीटर उंचीवर आहे. तिथे माउंट लायल सॅलमँडर राहतो हे वाचल्यापासून दुसरं काही सुचत नाहीये. ग्रॅनाइटच्या उघड्या कातळावर, वितळत्या बर्फाच्या शेजारी, रात्रीच्या थंडीत फिरणारा प्राणी, आणि त्याला फुप्फुसंच नाहीत!

वाचलंय बरंच, पण प्रत्यक्षात काय करायचं ते कळत नाही. ओल नेमकी कुठे शोधायची? किती वाजता निघायचं? आणि मुख्य म्हणजे दगड उलटायचे का? एका व्हिडिओत एक माणूस उतारावरचे दगड भराभर उलटत चालला होता. मला ते बघवलं नाही. पण न उलटता हा दिसणार तरी कसा?

ज्यांनी उंचावर असा शोध घेतलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. सिएराच पाहिजे असं नाही, कुठल्याही डोंगरातला अनुभव चालेल.

कातळकडा

सिएरात दोन उन्हाळे शोधलंय. पहिल्या खेपेला पाच रात्री हिंडून एकही नाही, दुसऱ्या खेपेला तीन रात्रींत चार. मधल्या काळात मी फक्त जागा वाचायला शिकलो, म्हणून तेवढंच लिहितो.

पहिल्या खेपेला मी ओढ्याकाठी बसून राहिलो. उभयचर म्हणजे पाणी, एवढंच डोक्यात. पण हा प्राणी पाण्यात राहत नाही आणि अंडीही पाण्यात घालत नाही. त्याच्या आयुष्यात बेडूकमाशासारखी अवस्थाच नाही. अंड्यातून थेट छोटासा सॅलमँडर बाहेर येतो. त्याला लागते फक्त ओल, तीही थंड आणि न आटणारी. वर बर्फाचा पट्टा, खाली कातळ, आणि त्या कातळावरून पातळ पापुद्र्यासारखं झिरपत येणारं पाणी, अशी जागा बघा. या पाझराच्या कडेला जिथे भरड वाळू साचलेली असते आणि तिच्यावर फरशीसारखा सपाट दगड टेकलेला असतो, तिथे त्याचं घर असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. उतार उत्तरेकडे तोंड करून असेल तर फारच चांगलं, कारण तिथे ऊन कमी आणि बर्फ जास्त दिवस टिकतो.

ओल किती हवी? मी दिवसा वाळूवर बोट टेकवून बघतो. खळगा हळूहळू पाण्याने भरला पाहिजे, पण पाणी वाहून जाता कामा नये. वाळू कोरडी पडली असेल तर पुढे चला, खळखळ वाहत असेल तरीही पुढे चला.

आणखी एक. कॅलेंडर बघून जाऊ नका, बर्फ बघून जा. उन्हाळा पुढे सरकतो तशी ओल डोंगर चढत जाते. हिवाळ्यात भरपूर बर्फ पडला असेल तर जुलैच्या सुरुवातीला बऱ्याच जागा अजून पांढऱ्याच असतात. कोरडा हिवाळा गेला असेल तर त्याच जागा तोवर वाळून गेलेल्या. मागच्या वर्षीचा कुणाचा अनुभव या वर्षी त्याच तारखेला लागू पडेलच असं नाही.

या प्राण्याचा शोध कसा लागला ती गोष्ट मला फार आवडते. १९१५ च्या उन्हाळ्यात बर्कली विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयाची मंडळी सिएरातल्या योसेमिटी नॅशनल पार्कचं सर्वेक्षण करत होती. लायल दरीच्या वरच्या टोकाला त्यांनी लहान सस्तन प्राण्यांसाठी लावलेल्या सापळ्यांत उंदरांऐवजी सॅलमँडर सापडले. पुढच्याच वर्षी, १९१६ मध्ये, चार्ल्स कॅम्प यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. त्याआधीही लोक त्या दरीत येत-जात होतेच, पण रात्री, थंडीत, ओल्या कातळाकडे वाकून बघायला कोण जातं?

दगडांबद्दल विचारलंत: मी उलटतो, दिवसाला पन्नासेक. पण प्रत्येक दगड जसा होता तसा परत ठेवतो. काळजी घेतली तर काही बिघडत नाही असं माझं मत.

ओलेती

कातळकडा, जागा ओळखण्याबद्दलचा तुमचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. शेवटच्या परिच्छेदाशी मात्र सहमत नाही.

दगड आणि जमीन यांच्यामध्ये जी फट असते ती एका दिवसात तयार झालेली नसते. बर्फ, पाणी, माती आणि त्या दगडाचं वजन यांनी मिळून ती वर्षानुवर्षं बसवलेली असते. ती किती अरुंद आहे यावर आतली ओल आणि गारवा टिकतो. आपण दगड उचलतो तेव्हा कडेची माती आत ढासळते, शेवाळाचा सांधा तुटतो, आणि परत ठेवताना दगड दोन बोटं इकडे-तिकडे बसतो. वरून पाहिलं तर सारखाच दिसतो. आतून वारा खेळायला लागलेला असतो.

ऑस्ट्रेलियात कातळावर राहणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यांवर नेमका हा अभ्यास झालाय, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला. लोकांनी हलवलेल्या दगडांखालच्या फटी प्राण्यांना पूर्वीसारख्या उपयोगाच्या राहिल्या नव्हत्या. संशोधकांनी दगड काळजीपूर्वक मूळ जागी नीट बसवले तेव्हा प्राणी पुन्हा वापरू लागले. म्हणजे तुमची काळजी व्यर्थ नाही, हे मी मान्य करते. पण रोज पन्नास दगड, प्रत्येक मूळ जागी, मिलिमीटरच्या हिशोबाने? रात्री, गारठलेल्या बोटांनी?

हाफ डोमचं उदाहरण घ्या. योसेमिटीतल्या त्या प्रसिद्ध घुमटाच्या माथ्यावरही हा सॅलमँडर राहतो. माथ्यावर मुक्काम करणारे लोक वाऱ्याला आडोसा म्हणून सपाट दगड गोळा करून भिंती रचायचे, आणि तेच दगड त्याची घरं होती. आज तिथे रात्रीच्या मुक्कामाला बंदी आहे, आणि त्यामागच्या कारणांत या सॅलमँडरचा निवाराही आहे. भिंत रचणाऱ्यांपैकी कुणाच्याही मनात वाईट नव्हतं.

गारवा, शिवाय नियमही बघा. नॅशनल पार्कच्या हद्दीत वन्यप्राण्याला पकडणं, हाताळणं, त्रास देणं संशोधनाच्या परवान्याशिवाय चालत नाही. पार्कात असाल तर दगड उलटायचा की नाही हा प्रश्न तिथेच संपतो.

कातळकडा

ओलेती, वाचून थोडा वेळ गप्प बसलो. मी माझे दगड पार्काच्या बाहेरच उलटले होते, पण ते उत्तर पुरेसं नाही हे कळतंय. प्राण्याला पार्काची हद्द माहीत नसते.

एक खरं सांगतो. मला मिळालेल्या चारपैकी तीन रात्री उघड्यावर दिसले होते, दगडाखाली एकच. त्या एकासाठी तीन दिवसांत दीडशे दगड हलवले. हा हिशोब आज पहिल्यांदा मांडला.

गारवा, दगड सोडा. रात्री चाला.

धुकेवेडा

आल्प्समधला अनुभव लिहितो, कारण तिथे दगडांचा प्रश्नच येत नाही.

तिथला आल्पाइन सॅलमँडर काळाकुळकुळीत, चकचकीत, साधारण बोटापेक्षा थोडा मोठा. पाण्याशी त्याने नातंच तोडलंय. मादी अंडी घालत नाही, पूर्ण वाढलेलं पिल्लू जन्माला घालते, बहुतेक वेळा दोनच. आणि त्यासाठी तिला दोन ते तीन वर्षं लागतात, जास्त उंचीवर त्याहूनही अधिक! हत्तिणीपेक्षा लांब गर्भारपण, आणि प्राणी तळहातावर मावेल एवढा. उंचावरचा उन्हाळा इतका तोकडा असतो की वाढ एका हंगामात पुरी होतच नाही.

म्हणून एका मादीचं नुकसान म्हणजे काय, याचा विचार करा. बेडूक एका हंगामात शेकड्यांनी अंडी घालतो. इथे एक मादी पायाखाली आली तर कित्येक वर्षांची बेगमी गेली.

शोधायची पद्धत अगदी साधी. रात्रभर पाऊस पडून गेलेला असावा, पहाट उजाडत असावी, हवेत धुकं असावं. पायवाटेने सावकाश चालायचं आणि पुढचं पाऊल टाकायच्या आधी खाली बघायचं. मी एका सकाळी तासाभराच्या वाटेवर एकतीस मोजले. आदल्या आठवड्यात त्याच वाटेवर, उन्हात, एकही नव्हता. युरोपीय कायद्याचं कडक संरक्षण त्याला आहे, त्यामुळे हात लावायचा नाहीच. पण लावावासा वाटतही नाही. तो आपल्या वाटेने इतक्या निवांतपणे चाललेला असतो की आपणच बाजूला होतो.

मधली_वाट

वाचतेय. फार सुंदर धागा. दोन पैसे माझे: पूर्व अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी डोंगरात एकाच नॅशनल पार्कात सॅलमँडरच्या ३० प्रजाती आहेत. उंचीवरच्या ओल्या जंगलात लाल गालांचा जॉर्डन्स सॅलमँडर पाहिला. त्याची चव भक्षकांना आवडत नाही, आणि त्याच्याच जंगलात राहणारी दुसरी एक प्रजाती त्याचे लाल गाल उसने घेऊन फिरते. दोन्ही एकाच रात्री दिसले, पण कोणता कोणता हे मला अर्धा तास कळलं नाही. शेवटी डोळ्यापासून जबड्याकडे जाणारी फिकट रेघ बघून ओळखले.

गारवा (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. दगड उलटणार नाही, हे पक्कं. आता पुढचे प्रश्न. चुकून अगदी वाटेत आला आणि बाजूला करावा लागला तर? हातमोजे घालायचे का? प्रकाश कसा ठेवायचा? आणि बुटांमधून रोग पसरतो असं वाचलं, ते कितपत खरं?

ओलेती

सगळ्याचं मूळ त्याच्या कातडीत आहे, म्हणून तिथूनच सुरू करते.

फुप्फुसं नाहीत म्हणजे श्वास कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून. प्राणवायू आधी ओलाव्यात विरघळतो आणि मग रक्तात जातो. कातडी वाळली की श्वास बंद. थंड हवेत या प्राण्यांची प्राणवायूची गरजही कमी असते, आणि थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. म्हणून गारठ्यात त्यांचं बरं चालतं. आपला हात त्यांच्या मानाने भाजणारा असतो. त्यात त्यावर सनस्क्रीन, डास पळवणारं मलम, घामाचं मीठ. जे कातडीतून श्वास घेतं ते कातडीतून हेही घेतं.

म्हणून बाजूला करायची वेळ आलीच तर त्याला हात लावू नका. आपण थांबायचं. दोन मिनिटांत तो जातो. वाटेवर गाड्या किंवा सायकली येत असतील तरच, स्वच्छ थंड पाण्याने भिजवलेल्या बिनपावडरच्या नव्या हातमोज्याने, तो ज्या दिशेला चालला होता त्याच दिशेला ठेवा.

रोगाचं मात्र खरं आहे, आणि गंभीर आहे. सॅलमँडरची कातडी खाणारी एक बुरशी २०१३ मध्ये ओळखली गेली. नेदरलँड्समधल्या फायर सॅलमँडरची संख्या एकाएकी कोसळली, काही वर्षांत नव्वद टक्क्यांहून जास्त, तेव्हा कारण शोधताना ती सापडली. मूळ आशियातलं, आणि पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून युरोपात पोचली असावी असा संशोधकांचा निष्कर्ष. अमेरिकेने या भीतीने २०१६ मध्ये सॅलमँडरच्या २०१ प्रजातींची आयात रोखली. तिथे सॅलमँडरची विविधता जगात सगळ्यात जास्त आहे, त्यामुळे एक चिखलाने माखलेला बूट काय करू शकतो याची कल्पना करा.

करायचं काय: एका डोंगरातून दुसऱ्यात जाताना बुटांचे तळवे ब्रशने घासून चिखल पूर्ण काढा, मग ब्लीचच्या पातळ द्रावणात बुडवा, धुवा आणि कडक उन्हात खडखडीत वाळवा. चिखल राहिला तर द्रावणाचा उपयोग होत नाही, म्हणून घासणं आधी. हे सगळं ओढ्यापासून लांब करा. काठीचं टोक आणि कॅमेऱ्याच्या स्टँडचे पाय लोक विसरतात.

कातळकडा

प्रकाशाचं मी सांगतो. हेडलॅम्प कपाळावर असला की प्रकाश डोळ्यांच्याच रेषेत जातो, सावली दिसत नाही आणि कातळ सपाट वाटतो. हातात धरून कमरेच्या खाली आणा, तिरपा टाका. मग प्रत्येक खडा सावली टाकतो, आणि जी सावली ओळखीची वाटत नाही तिथे थांबायचं. याचा रंग ग्रॅनाइटसारखाच, करड्यावर ठिपके, दगडफुलाने माखलेल्या खड्यासारखा. रंगाने सापडणार नाही, आकाराने सापडेल. सापडला की प्रकाश मंद करा.

वारा सुटला तर परत या. तापमान शून्याच्या जवळ गेलं तरी हा बाहेर पडतो, पण कोरड्या वाऱ्यात नाही.

आणि एकटं जाऊ नका. ओला ग्रॅनाइट रात्री काचेसारखा निसरडा असतो. उंचीची सवय व्हायला दोन दिवस द्या. दुपारी ढग जमले की उघड्या कातळावर थांबायचं नाही, विजा पडतात.

पाणवठा

उशिरा आलो. दार्जिलिंगच्या डोंगरांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

भारतात सॅलमँडर आहे हेच अनेकांना माहीत नसतं. पूर्व हिमालयातला हा प्राणी वर्षानुवर्षं एका व्यापक प्रजातीत धरला जायचा. २०१५ मध्ये नेपाळमधल्या नमुन्यांवरून त्याला हिमालयीन सॅलमँडर म्हणून स्वतंत्र ओळख मिळाली. पुढे २०२४ मध्ये मणिपूरच्या झाइमेंग तळ्यावरून आणखी एका प्रजातीचं वर्णन झालं. हिमालयीन सॅलमँडर तपकिरी, अंगावर गाठींच्या रांगा, वीतभराच्या आसपास. सिएराच्या त्या कातळवासी भावापेक्षा याचं आयुष्य अगदी वेगळं. याला फुप्फुसं आहेत, आणि याला तळं लागतं. थंडीत तो पालापाचोळ्याखाली, दगडांखाली, मुळांच्या पोकळीत निजतो. पाऊस सुरू झाला की उतारावरून चालत तळ्याकडे येतो, तिथे जोडी जमते, पाणवनस्पतींवर अंडी घालतो.

म्हणून इथे शोध म्हणजे तळं शोधणं. आणि तळी जातायत. कुणी काठ सिमेंटने बांधून काढतं, म्हणजे चढायला-उतरायला ओला उतारच राहत नाही. कुणी मासे सोडतं. मासे अंडी खातात, पिल्लं खातात, आणि चार वर्षांत तळं सुंदर दिसतं पण सॅलमँडर नसतो. दार्जिलिंगजवळच्या जोरपोखरीला त्याच्यासाठी १९८५ साली राखीव क्षेत्र झालं, जेमतेम चार हेक्टरचं. एवढीशी जागा, पण नकाशावर सॅलमँडरच्या नावाने काहीतरी राखून ठेवलंय हे पाहून मला भरून आलं होतं.

तिथे आम्ही काठावर उभं राहून फक्त बघितलं. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हा प्राणी येतो, पकडणं गुन्हा आहे. पाण्यात खाली वाकडी काडी दिसली, काडीला बोटं होती, आणि दर काही मिनिटांनी ती वर येऊन तोंडभर हवा घेऊन परत खाली जायची. दोन तास तेवढंच बघितलं.

एक दुखणं सांगतो. दुसऱ्या एका तळ्याचा फोटो मी उत्साहाने जागेसकट टाकला होता. तळ्याचं नाव आता लिहीत नाही. पुढच्या पावसाळ्यात गेलो तेव्हा काठाची झुडपं तुडवलेली, दगड उलटेपालटे पडलेले, आणि एक जाळी पाण्यात टाकून दिलेली. कुणी केलं ते माहीत नाही. पण वाट मी दाखवली होती. त्या वर्षी तिथे मला एकही दिसला नाही.

नवी_पाऊलवाट

अप्रतिम माहिती. कातळकडा, तुम्हाला चार जिथे दिसले त्या जागेचे अक्षांश-रेखांश इथे द्याल का? मीही जाणार आहे.

कातळकडा

वर पाणवठा यांनी लिहिलंय ते वाचून मी देणार नाही. राग मानू नका. कशी जागा शोधायची ते सगळं लिहिलंय, आणि शोधलीत तर ती तुमची होईल. अडलात तर व्यक्तिगत निरोप करा, नकाशावरचा उतार मला दाखवा, बरोबर वाटतो का ते सांगेन.

पाणवठा

नवी_पाऊलवाट, अजून एक. फोनने काढलेल्या फोटोच्या आत जागा नोंदलेली असते, ती काढून मगच इथे चढवा. आयनॅचरॅलिस्टवर (निसर्गातल्या नोंदी ठेवायचं संकेतस्थळ) नोंद करायला हरकत नाही, उलट जरूर करा. धोक्यातल्या प्रजातींची नेमकी जागा तिथे आपोआप धूसर होते, आणि आपली आपण लपवायचीही सोय आहे.

नवी_पाऊलवाट

हे लक्षातच आलं नव्हतं. मागणी मागे घेतो. फोटोचं आजच बघतो.

गारवा (धागाकर्ती)

परत आले! उशिराने लिहितेय, पण सगळं लिहायचंय.

पहिले दोन दिवस डोकं जड होतं, कातळकडांनी सांगितल्याप्रमाणे फक्त दिवसा हिंडलो. मी आणि माझी मैत्रीण. तिसऱ्या दिवशी एक उतार सापडला, उत्तरेकडे तोंड असलेला, वर चादरीएवढे बर्फाचे तीन तुकडे. त्यांच्याखालून कातळ काळा दिसत होता, म्हणजे ओला. वाळूत बोट टेकवलं. खळगा भरायला दहा-बारा सेकंद लागले. मैत्रीण म्हणाली, हाच.

वाटेत दोन तळी लागली. एकात ट्राउट मासे होते आणि काठ अगदी मुका होता. दुसरं लहान, उथळ, मासे नसलेलं, आणि तिथे काठावर बेडूकच बेडूक. पाणवठा, तुमचं तळं डोळ्यांपुढे आलं. सिएरातल्या बहुतेक उंच तळ्यांत मूळचे मासे नव्हतेच, माणसांनी मासेमारीसाठी सोडले, आणि तिथल्या पिवळ्या पायांच्या बेडकांना त्याचा मोठा फटका बसला. लिहिलेलं वाचणं आणि शेजारशेजारची दोन तळी बघणं, फार फरक आहे.

पहिली रात्र कोरडी गेली. साडेनऊला पोचलो, दहाला वारा सुटला. ओठ वाळायला लागले तेव्हा म्हटलं, आपले वाळतायत तर त्याचं काय होत असेल. परत आलो.

दुसऱ्या रात्री ढग होते, वारा नव्हता, तापमान चार अंश. प्रकाश खाली धरून तिरपा टाकला तर तोच कातळ निराळा दिसायला लागला. प्रत्येक खड्याला सावली. आम्ही एकेका पावलाला थांबत होतो, पाय ठेवायच्या जागा दिवसाच ठरवून ठेवल्या होत्या, त्या सोडून कुठेही पाय टाकला नाही. तासभर काही नाही. कोळी दिसले, एक गोम दिसली. मग मैत्रिणीने माझा दंड धरला.

एका फटीच्या ओठावर, अर्धा आत, अर्धा बाहेर. मी आधी दगडच समजले. मग दगडाने डोकं वळवलं.

लांबी माझ्या मधल्या बोटाएवढी. डोकं चपटं, अंग चपटं, जणू कुणी हलक्या हाताने दाबून बसवलंय. प्रकाश लगेच मंद केला आणि दोघी खाली बसलो, दीड मीटर लांब. पाच मिनिटं तो हलला नाही. मग बाहेर आला आणि उतारावर आडवा चालायला लागला, आणि इथे जे बघितलं ते मी कधी विसरणार नाही: पाय उचलताना तो आखूड शेपटीचं टोक खालच्या बाजूने कातळावर टेकवतो. काठी टेकत उतरल्यासारखा. पाऊल, टेकू, पाऊल, टेकू. वाचलं होतं, पण इतकं स्पष्ट दिसेल असं वाटलं नव्हतं.

एकदा त्याने काहीतरी पकडलंही. काय ते कळलं नाही, जीभ दिसलीच नाही. समोर एक इवलासा किडा होता आणि मग नव्हता. वीसेक मिनिटांनी तो पाझर ओलांडून दुसऱ्या फटीत गेला. आम्ही प्रकाश बंद केला आणि तसेच बसून राहिलो. खालून पाणी झिरपल्याचा आवाज येत होता, इतका बारीक की प्रकाश असताना तो ऐकूच आला नव्हता.

तिसऱ्या रात्री विजा, तंबूतून बाहेर पडलो नाही. चौथ्या रात्री आणखी एक, याच्या अर्ध्या आकाराचा, शेवाळाच्या कडेला. एवढंच. एकही दगड हलवला नाही. फोटो तीनच आहेत, फ्लॅश न वापरता काढलेले, धूसर आलेत. जागा पुसून खाली चढवतेय.

धुकेवेडा

शेपटीचं वर्णन वाचून अंगावर काटा आला. माहितीसाठी जोडतो: बिनफुप्फुसांच्या सॅलमँडरांच्या याच कुळातला हा गट युरोपात इटली, सार्डिनिया आणि फ्रान्सच्या आग्नेय भागात आहे, गुहांत आणि चुनखडीच्या कपारींत. मध्ये सगळा महासागर. आणि २००५ मध्ये कोरियातल्या याच कुळातल्या एका प्रजातीचं वर्णन प्रसिद्ध झालं, तोवर आशियात हे कुळ आहे याची कुणालाही कल्पना नव्हती.

मधली_वाट

गारवा, घाबरला की हा अंग चेंडूसारखं आवळून उतारावरून घरंगळत जातो असं वाचलंय. तसं काही दिसलं का?

गारवा (धागाकर्ती)

नाही, आणि दिसलं नाही याचं बरं वाटलं. घरंगळला असता तर आम्ही त्याला घाबरवलं असा अर्थ झाला असता.

ओलेती

फोटो धूसर असले तरी मागच्या पायाच्या बोटांमधला पडदा दुसऱ्या फोटोत दिसतोय. नीट बघा. ओल्या कातळावर पकड तिथून येते. बूट वाळवलेत ना?

गारवा (धागाकर्ती)

घासले, बुडवले, धुतले, दोन दिवस उन्हात वाळवले. काठीचं टोकसुद्धा.

कातळकडा

अभिनंदन. तुमचा वृत्तांत वाचून मीही या उन्हाळ्याच्या शेवटी दोन रात्री गेलो, दगडांना हात न लावता. एक दिसला. समाधान वाटलं. एक विचारायचं होतं: तो ज्या फटीत गेला ती किती रुंद होती? मी अशा फटींची नोंद ठेवतोय.

गारवा (धागाकर्ती)

अंदाजाने सांगते. माझी करंगळी पहिल्या पेरापर्यंत आत गेली असती. घालून बघितली नाही.